रामा म्हणू नका

टँकर आलेला. खाली बादल्या, हंडे, कळशा घेऊन बायकाबाप्यांची झुंबड उडालेली. आणि हा माणूस टँकरवाल्याच्या पुढ्यात हाताची घडी घालून उभा.

"नाव काय तुमचं? वडिलांच्या नावासकट सांगा."

"चाचा, पहले पाइप पकडो. नाम बाद में पूछना."

"नाम पहले," भाऊ म्हणाले.

शप्पथ सांगते, हातातली कळशी त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. अहो, मीरा रोडला तेव्हा पाण्याची काय बोंब होती ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. गिरगावातली खोली विकून आम्ही तिकडे गेलो ते स्वतंत्र संडास आणि गॅलरीच्या मोहाने. नळाला पाणी येतं का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. टँकर यायचा तो घाईघाईत, पुढच्या बिल्डिंगवाल्या बायका त्याला ओढूनच न्यायच्या. आणि आमच्या वाट्याच्या त्या एवढ्याशा वेळात हे कूळ-मूळ विचारत बसणार.

"अहो भाऊ, सोयरीक जमवायचीय का त्याच्याशी?" मी रांगेतून ओरडले.

ते वळून अगदी शांतपणे म्हणाले, "ज्याचं पाणी पितो त्याचं नाव माहीत नको?"

कर्म माझं! टँकरवाल्याने शेवटी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, वर गावही सांगितलं, तेव्हा कुठे पाणी सुटलं. पुढच्या खेपेपासून तो आमच्याकडे आधी यायला लागला हे खरं, पण ते भाऊंना कोण सांगणार? डोक्यावरच बसले असते.

भाऊ आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायचे. गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेले. उंच, वाळके, बारा महिने पांढरा सदरा-लेंगा, आणि चालताना मान अशी पुढे काढलेली की आता कोणाच्या तरी अंगावर धावून जाणार. घरात बायको, जिला आम्ही सगळे काकू म्हणायचो, एक मुलगा आणि पुढे सून आली. भाऊंचं खरं नाव मी इथे सांगत नाही. घरची माणसं अजून त्याच ब्लॉकमध्ये आहेत, उगाच त्यांना त्रास नको. भाऊंना मात्र हे मुळीच आवडलं नसतं. माणसाचं नाव गाळलं की ते चवताळायचे.

बिल्डिंगच्या वॉचमनला सगळे बहादूर म्हणायचे. भाऊंनी पहिल्याच आठवड्यात त्याला खुर्चीवर बसवून विचारलं, तर त्याचं नाव निघालं दिलीप. शेअर रिक्षात बसले की रिक्षावाल्याचं नाव. मोरव्याहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईचं नाव. उत्तनहून मासे आणणाऱ्या मार्शेलिनला तर त्यांनी नाव विचारलं तेव्हा ती भडकलीच. "कशाला पायजे? तक्रार करायची हाय काय?" म्हणाली. नंतर मात्र त्यांचं चांगलं जमलं.

हे सगळं एक वेळ मी सोसलं. पण एक नाव असं होतं की ते कानावर पडलं की ह्या माणसाचा तोल जायचा. रामा.

राम नव्हे हं. राम म्हणायला त्यांची काही ना नव्हती. सकाळी जिन्यात भेटले की राम राम म्हणायचे. रामनवमीला त्यांच्या घरचा सुंठवडा सगळ्या बिल्डिंगला जायचा, आणि दुपारी बारा वाजता पाळण्याची दोरी ओढताना त्यांचे डोळे भरलेले मी बघितलेत. पण "ए रामा" अशी कोणी हाक मारली, की संपलं.

आमच्याकडे टीव्ही होता, त्यांच्याकडे नव्हता. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा बघायला ते आणि काकू यायचे. आता हिंदी सिनेमा म्हटला की बंगला आला, बंगला आला की खांद्यावर टॉवेल टाकलेला म्हातारा नोकर आला, आणि त्याचं नाव काय असणार? रामू. पडद्यावरच्या मालकाने "रामू, चाय लाओ" म्हटलं की भाऊ खुर्चीतून उठायचे, चालत जायचे आणि खटकन टीव्ही बंद करायचे. माझा टीव्ही! माझ्या घरात! हप्ते आम्ही भरतोय, आणि नायिकेच्या आईचा जीव जायची वेळ आलीय, आणि पडदा काळा.

"अहो, भाऊ!"

"दुसरं नाव सापडत नाही का लेकांना? दर सिनेमात रामूच?"

"लावा आधी तो!"

काकू खाली मान घालून बसलेल्या असायच्या. मग मी उठून पुन्हा लावायचे, तोपर्यंत नायिकेची आई गेलेली असायची.

भाऊंचं ह्या नावावर एक अख्खं व्याख्यान होतं, ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की अजून पाठ आहे. "बघा," ते म्हणायचे, "भेटलं की राम राम. कशात दम नसला की त्यात राम नाही. माणूस गेला की राम म्हटला. कामाने पिट्टा पडला की रामरगाडा. धान्य मोजताना पहिलं माप पडलं की कुठेकुठे एक म्हणत नाहीत, राम म्हणतात. एवढ्या आदराने ज्या नावाला वागवलं, त्याच नावाला पुढे एक आ लावून भांडी घासायला बसवलं ह्या मुंबईने."

आणि ते खोटं नव्हतं. आत्ताच्या पोरांना माहीत नसेल, पण जुन्या मुंबईत बड्या घरांतल्या पुरुष नोकराला रामाच म्हणायचे. रत्नागिरीकडून येणारा घरगडी म्हणजे रामा. त्याचं नाव गणू असो, बाळू असो, काही असो. गुजराती म्हणायचे, पारशी म्हणायचे, गोरे साहेब म्हणायचे, आणि आपली मराठी घरं काही मागे नव्हती. दादरला माझ्या मावशीकडे होता एक. आम्ही सगळी भावंडं त्याला रामा म्हणायचो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मंजुबेन राहायच्या. माणूस म्हणून अगदी लाख. माझं बाळंतपण झालं तेव्हा त्यांनी घरून डिंकाचे लाडू पाठवले होते. त्यांच्याकडे भांड्यांना आणि झाडूला एक गडी होता, चाळिशीतला, मुकाट्याने काम करणारा. एकदा सकाळी मंजुबेन गॅलरीत उभ्या राहून आतल्या गड्यावर ओरडल्या, "ए रामा, कचरा ले के जा!" आणि भाऊ नेमके खाली उभे.

ते तरातरा दोन मजले चढून गेले. मी मागे धावले, म्हटलं आता काहीतरी होणार.

"नाव काय तुझं?" त्यांनी गड्याला विचारलं.

"रामा."

"आईबापाने ठेवलेलं विचारतोय."

त्याने मंजुबेनकडे बघितलं. "पांडुरंग. पण हितं रामा बोलतात."

"अरे भाऊ, एमां शुं थयुं?" मंजुबेन म्हणाल्या. "भगवाननुं नाम छे!"

"देवाचं नाव आहे ना? मग तुमच्या शेठना म्हणा की रामा. ए रामा, जेवायला या म्हणा!"

मंजुबेनचा चेहरा असा झाला! अहो, त्या बाईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, आणि हा म्हातारा जिन्यात उभा राहून तिला हे सांगतोय. त्या आत गेल्या त्या आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी पांडुरंगाला काढला आणि एक बाई ठेवली. मला म्हणाल्या, "कटकट नको. बाईला नुसतं बाई म्हटलं की झालं. रोज नाव काय, नाव काय, कोण ऐकणार?"

आता सांगा, कोणाचं भलं झालं? पांडुरंग भाऊंच्या दारात येऊन उभा राहिला. तोही तापलेलाच. "साहेब, तुमाला कोणी सांगितलं होतं? मी बोललो होतो का तुमाला? रामा म्हणत होत्या, जेवायला तर वाढत होत्या!" भाऊंनी ओळखी काढून त्याला भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटवून दिलं. तिथे त्याला सगळे "ए रत्नागिरी" म्हणायला लागले.

पांडुरंग दारात येऊन गेला त्या दिवशी मात्र मी भाऊंना सोडलं नाही. दुपारची वेळ होती, ते आपल्या गॅलरीत बसले होते, मी आमच्या. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये फक्त एक कठडा. मी म्हटलं, "काय मिळवलंत? एका माणसाचं काम घालवलंत, एका बाईला भर जिन्यात लाजवलंत. एक शब्द तो. कोणी रामा म्हणालं म्हणून काय अंगाला भोकं पडतात?"

त्यांनी खुर्ची समोरच्या मिठागरांकडे वळवली. मग म्हणाले, "माझ्या वडिलांचं नाव धोंडू."

हे मला नवीन होतं. जगाच्या बापांची नावं विचारणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या बापाचं नाव कधी सांगितलं नव्हतं.

"माझ्या आजीची आधीची दोन पोरं गेली. पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा तिने देवाचं नाव ठेवलं नाही, चांगलं कुठलंच ठेवलं नाही. म्हणाली, धोंडा आहे हा, धोंडा कोणाला हवाय? यमाने बघितलं तरी पुढे जाईल. म्हणून धोंडू. आणि जगला."

हे मला ऐकून माहीत होतं. कोकणात, घाटावर, असली नावं सगळीकडे होती. धोंडू, दगडू, केरू. पोरगं हातचं जाऊ नये म्हणून आईने मुद्दाम हलकं नाव ठेवायचं. पण असं कोणाच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या घरातलं म्हणून, मी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. धोंडू पोटासाठी मुंबईला आला, टेकडीवरच्या एका मोठ्या घरात गडी म्हणून लागला. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी नाव विचारलं. धोंडू म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे रामा म्हणतात." त्याच्या आधीचा गडी रामाच होता. त्याची खाट धोंडूला मिळाली, त्याचा टॉवेल मिळाला, आणि नाव मिळालं. झालं. दोन पोरं मातीत घातलेल्या बाईने जीव मुठीत धरून ठेवलेलं नाव, ते असं उभ्या उभ्या पुसून टाकलं. मला त्या बाईसाहेबांचा इतका संताप आला की विचारू नका. कधीच्या मेल्या असतील, पण आला.

"मी दोन वर्षांचा असताना मला ताप भरला," भाऊ म्हणाले. "गावचा वैद्य हरला. आई मला घेऊन बोटीने मुंबईला आली, गावच्या एका माणसाच्या सोबतीने. त्याने तिला त्या घराच्या फाटकाशी सोडलं आणि तो कामाला गेला. फाटकावरचा माणूस म्हणाला, कोण पाहिजे? आता ती नाव कशी घेणार? नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. ती म्हणाली, ह्याचे वडील. तो म्हणाला, कोण ह्याचे वडील? अमुक गावचे, म्हणाली. तो हसायला लागला. शेवटी मी मांडीवर तापाने फणफणतोय हे बघून तिने डोळे मिटले आणि म्हणाली, धोंडू."

"मग?"

"मग काय? तो म्हणाला, इथे धोंडू नावाचं कोणी नाही."

ती बाई दिवसभर फाटकाबाहेर बसून राहिली. संध्याकाळी धोंडू कचऱ्याचा डबा घेऊन खाली आला तेव्हा त्याने तिला बघितलं. भाऊ वाचले, ते माझ्या समोरच बसले होते. पण धोंडू बायकोला काय म्हणाला माहीत आहे? "अगं, रामा म्हणून विचारायचंस!"

"आई मला मरेपर्यंत सांगायची," भाऊ म्हणाले. "जन्मात एकदा मी त्यांचं नाव घेतलं, आणि ते कोणाच्या कामाला आलं नाही. आणि बाबांना राग नाही! कधीच आला नाही. म्हातारपणी गावाला परत गेले, तर गल्लीतून कोणी धोंडूदा म्हणून हाक मारली की मान वळायची नाही."

त्या दिवसानंतर मी त्यांना टीव्हीवरून बोलले नाही. बोलणार तरी कसं? राग आला की आतल्या आत गिळायचा, दुसरं काय.

आणि मग भाऊंची सून बाळंत झाली. मुलगा झाला. आणि दिवस कुठला, तर रामनवमीचा.

सगळी बिल्डिंग आनंदली. दिलीप वॉचमनपासून मंजुबेनपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, राम आला! सून तर हरखून गेली होती. साधी, देवभोळी पोर, सोलापूरकडची, लग्नानंतर चार वर्षांनी मूल झालेलं. तिने दवाखान्यातच ठरवून टाकलं, नाव राम.

भाऊ म्हणाले, "नाही. धोंडू."

घरात सगळ्यांना वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. थोरल्या नातवाला आजोबा-पणजोबांचं नाव द्यायची रीत आहे, आमच्या घराण्यात आहे, तेव्हा धोंडूच, असं म्हणाले. त्या वर्षांत रामाचं नाव भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं, सभांमधून ऐकू येत होतं, त्यामुळे काही जण कुजबुजले की म्हातारा त्या पलीकडच्या पक्षाचा दिसतोय. अहो, कसला पक्ष आणि कसलं काय! पण लोकांना काहीतरी बोलायला हवंच असतं.

सून रडून रडून अर्धी झाली. "आत्या," ती मला म्हणाली, कारण भाऊंना मुलगी नव्हती आणि बारशाला कानात नाव सांगायला आत्या लागते, ती मी व्हायचं असं काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "आत्या, ह्याच्या वर्गात सगळे अनिकेत नि सिद्धार्थ असणार. आणि हा धोंडू? पोरं त्याला जगू देतील का?"

खरं होतं तिचं. जन्मभर ते नाव त्या पोराने वागवायचं होतं, भाऊंनी नव्हे. आणि भाऊंचंही मला कळत होतं, तीच तर पंचाईत. मार्शेलिन पापलेट साफ करता करता म्हणाली, "आमच्यात आज्याचंच नाव देतात. आमच्या आळीत तीन जॉन हाय, कोण रडत न्हाय." मी म्हटलं, "जॉन वेगळं, बाई. धोंडू वेगळं."

भाऊंचा मुलगा काय म्हणाला? काही नाही. तो सकाळी डबा घेऊन जायचा आणि रात्री येऊन जेवायचा. अशा पुरुषांचा मला जास्त राग येतो. बापाला दुखवायचं नाही, बायकोला दुखवायचं नाही, आणि सगळं त्या आत्याच्या गळ्यात. भाऊ मला गॅलरीतून सांगायचे, "कानात धोंडू म्हणायचं." सून दारातून सांगायची, "आत्या, तुम्हाला माझ्या लेकराची शपथ, राम म्हणा." मी काय टेपरेकॉर्डर होते?

बारशाला खोली गच्च भरलेली. पाळण्याला रंगीत कागदांच्या पताका, बायकांच्या डोक्यांत गजरे, आणि एका कोपऱ्यात काकू पातेलं मांडीशी घेऊन द्रोणांत घुगऱ्या भरतायत. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देऊन-घेऊन झालं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मी पाळण्यावर वाकले. पुरुष सगळे बाहेरच्या खोलीत होते, पण भाऊ दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले.

"ठरल्याप्रमाणे," ते म्हणाले.

काय ठरलं होतं? काहीही ठरलेलं नव्हतं! समोर सून डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघतेय. माझं डोकं सणकलं. मी सरळ उभी राहिले.

"मी नाही सांगत जा," म्हटलं. "आधी घरात ठरवा. ह्या एवढ्याशा कानात तुमची भांडणं ओतायला मी आत्या झाले नाही."

 आणि कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला. द्रोण भरणं चालूच होतं.

"मी त्याला काय म्हणून हाक मारू?"

"म्हणजे?" भाऊ म्हणाले.

"मामंजींचं नाव मी घेत नाही. इतकी वर्षं नाही घेतलं. उद्या पोरगं रांगत जिन्याकडे गेलं, तर मी काय ओरडू?"

"त्यात काय? बाळ म्हण, सोन्या म्हण."

काकूंनी हातातला द्रोण खाली ठेवला. "म्हणजे नाव एक, आणि हाक दुसरीच."

भाऊ म्हणाले, "ते वेगळं."

"कसं वेगळं? मामंजींचं नाव त्या बाईने तोंडाने बदललं. माझं तुम्ही अंगठीने बदललंत. ताटात तांदूळ पसरून."

"ती रीत आहे."

"तिच्याकडेसुद्धा रीतच होती," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कुठल्याशा नाटकातलं निर्मला आवडलं, म्हणून मी निर्मला. मला कोणी विचारलं नव्हतं. मुंबईभर सगळ्यांची नावं विचारत फिरता ना? मग सांगा आता सगळ्यांसमोर, माझं माहेरचं नाव काय? वडिलांच्या नावासकट."

अहो, मी हा माणूस टँकरवाल्यापुढे बघितलाय, मंजुबेनपुढे बघितलाय. त्याला शब्द सुचला नाही असं कधी झालं नव्हतं. भाऊंनी तोंड उघडलं.

"गणपत," ते म्हणाले. "गणपत मोरे."

"ते माझे वडील. मी कोण?"

ते उभेच. चौकटीला धरलेला हात हळूहळू खाली आला. वडिलांचं नाव आठवत होतं, आडनाव आठवत होतं, त्याच्या आधी काय होतं ते येत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी काकूंना अगं म्हटलं, ऐकलंस का म्हटलं. पत्रिका जुळवताना एकदा कधी ते नाव कानावरून गेलं असेल तेवढंच. माहेरी थोरली म्हणून सगळी भावंडं त्यांना आक्का म्हणायची, आणि त्या माहेरातलंही आता कोणी उरलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत भाऊंचा मुलगा खाली मान घालून बसला होता. मला त्या क्षणी भाऊंची दया यायला हवी होती म्हणाल, तर नाही आली. माझ्या स्वतःच्या लग्नातलं ते तांदळाचं ताट आठवलं, आणि अंगाचा तिळपापड झाला.

"पोराच्या आईला ठरवू दे," काकू मला म्हणाल्या. "ह्या घरात एक तरी नाव बाईने ठरवलेलं असू दे." आणि पुन्हा घुगऱ्या भरायला लागल्या.

मी वाकले आणि बाळाच्या कानात कुर्र करून राम म्हणाले. बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले, मंजुबेनचा तर चांगलाच लागला. पाळणा हलला, कोणीतरी गाणं सुरू केलं. मी वर बघितलं तेव्हा चौकटीत कोणी नव्हतं.

चारेक दिवसांनी भर दुपारी माझ्या दाराची बेल वाजली. भाऊ. सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लावलेल्या. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"ती सांगत नाही," ते म्हणाले. आवाजात तोच जुना कडकपणा, जणू माझंच काही चुकलंय. "म्हणते, शोधा. मी मंजुबेनना विचारलं. त्या मासेवाल्या मार्शेलिनला विचारलं. तुम्ही रोज गॅलरीत बसता दोघी. तुम्हाला माहीत असणार. काय नाव आहे तिचं?"

मला माहीत होतं. लोणच्याच्या कैऱ्या चिरताना काकूंनी एकदा सहज सांगितलं होतं. त्यांची आई विहिरीवरून कशी हाक मारायची, तेसुद्धा त्याच सुरात म्हणून दाखवलं होतं, आणि आम्ही दोघी खूप हसलो होतो.

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण मी नाही सांगणार."

 मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने पलीकडच्या ब्लॉकची बेल वाजलेली ऐकू आली. तिथल्या बाईलाही माहीत होतं. तिनेही सांगितलं नाही.